पाउन उपाशी राहिला

यासेनार गावातला पँटींचा कारखाना मार्चात बंद पडला. तसं सांगायला मालक स्वतः आला नाही. शेवटच्या पगाराऐवजी बाईमागे सहा पँटी काढून ठेवा, एवढा निरोप त्याने धाडला. त्या सगळ्या पुरुषी, राखाडी आणि साठ नंबरच्या निघाल्या. तेवढ्या कमरेचा गावात एकच माणूस होता, पोस्टमन. त्या वसंतात त्याच्या घरी एकवीस पँटी जमा झाल्या आणि त्याने कोणालाही नाही म्हटलं नाही.

क्रुनाने त्या कारखान्यात अठरा वर्षं पँटींना चेन बसवल्या. तिचा उजवा अंगठा अजूनही रिकामा बसला की कापड पुढे सरकवल्यासारखा हलायचा. नवरा सिबिन लाकडाच्या वखारीत आठवड्यातले तीन दिवस कामाला जायचा आणि उरलेले चार दिवस त्या तीन दिवसांनी दुखावलेली पाठ शेकायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू पर्सिदा, वय एकोणऐंशी. मायलेक एकमेकांशी थेट बोलत नसत. वैर नव्हतं, सवय गेली होती. "आईला विचार, मीठ हवंय का," असं सिबिन म्हणायचा, आई त्याच टेबलाला कोपर टेकून बसलेली असायची, आणि क्रुना विचारायची.

मे महिन्यात रोजगार कार्यालयाने शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं शिबिर भरवलं. विषय 'अनिश्चित काळातला ऑनलाइन व्यवसाय आणि वैयक्तिक ध्येयं'. बेलग्रेडहून आलेल्या मुलीने सगळ्या बायकांना रंगीत कागद वाटले आणि पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता ते लिहा म्हणाली. क्रुनाने लिहिलं, 'माझ्या पलंगावर.' मुलगी म्हणाली, "ताई, ध्येय मोजता आलं पाहिजे." क्रुनाने खाली लिहिलं, 'रोज.'

तिचं ध्येय गमतीचं नव्हतं. व्हिएन्नात तिची मावसबहीण देसांका म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची आणि तिने क्रुनासाठी जागा बघून ठेवली होती. "ब्याण्णव वर्षांची आहे. फ्राऊ लिंडनर. रात्री तीनदा उठवावं लागतं, पण चावत नाही," देसांका फोनवर म्हणाली होती. तीन महिने तिकडे, एक महिना घरी, परत तीन महिने तिकडे. गावातल्या निम्म्या बायका अशाच राहत. ल्युबिशाची व्हॅन शुक्रवारी व्हिएन्नाहून यायची आणि रविवारी बायका भरून परत जायची. नोव्हेंबरातल्या मित्रोव्दानच्या सणानंतरच्या रविवारी त्या व्हॅनमधली एक सीट क्रुनाच्या नावाने ठेवली होती. तोपर्यंत इथेच काही जमलं तर सीट दुसरीला द्यायची, नाही जमलं तर बसायचं आणि मायलेकांना एका टेबलाशी सोडून जायचं.

शिबिरानंतर सात बायकांनी लोकरी मोजे विकायला फेसबुकवर सात पानं उघडली. सातही जणींनी एकमेकींच्या मोज्यांखाली लाल हृदयं ठेवली. जुलै सरला तरी एक मोजा गेला नव्हता, जोडी तर लांबच. आठवं पान क्रुनाचं, त्यावर भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीचे फोटो होते. चटणी घरातच संपली.

तिचा खरा धंदा ऑगस्टमध्ये सुरू झाला, तोही न मागता. शेजारच्या घरचा मुलगा व्हिएन्नात बस चालवायचा. आई वारली, तिच्या चाळिसाव्या दिवसाला त्याला रजा मिळेना. त्याने क्रुनाला फोन केला. "क्रुनाताई, तुम्हीच घाला पोमाना. आमचंच अंगण, आमचंच टेबल. मी फोनवरून बघतो."

पोमाना यासेनारला नवी नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने टेबल मांडायचं, त्याची खुर्ची मोकळी ठेवायची, त्याच्या वयाच्या, त्याच्या अंगलटीच्या एखाद्याला नवे कपडे चढवून तिथे बसवायचं, आणि पाव, मटण, पाणी, मेणबत्ती, छत्री, रेडिओ, एकेका वस्तूवर धूप फिरवून मोठ्याने नाव घ्यायचं की हे अमक्याच्या पुढ्यात असो. नाव घेतलं की ते पोचलं. न घेतलं तर तो तिकडे हात हलवत बसला. नवं काय ते एवढंच, की सिबिन एका स्टुलावर उभा राहून फोन धरायचा आणि तिकडे व्हिएन्नात लोक टीव्हीला जोडून बघायचे.

पर्सिदाला ते आवडलं नव्हतं. "त्या काचेतून वास जातो का?"

"कोणाला आई?"

"मेलेल्याला."

"मेलेला इथेच असतो ना. जिवंत आहेत ते तिकडे."

"मग जिवंतांना कशाला दाखवायचं?"

"पैसे ते देतात."

पर्सिदाने थोडा विचार केला आणि मेणबत्त्या वळायला घेतल्या.

ऑक्टोबरअखेर सहा पोमाना झाल्या. बायकांना कामं मिळाली. मोज्यांवाल्या सातजणींपैकी चौघी आता पाव भाजत आणि दोघी कोंबड्या सोलत. खुर्चीत बसायला ग्लिगोरिये ठरलेला. तो सत्त्याहत्तर वर्षांचा, मध्यम बांध्याचा, आणि गावातले बहुतेक मेलेले साधारण त्याच्याच मापाचे होते. ज्याला कपडे चढवतात, कपडे त्याचेच होतात. त्यामुळे ग्लिगोरिये हल्ली जर्मन कोट घालून डुकरांना चारा घालायचा आणि चार छत्र्यांपैकी कोणती न्यावी याचा विचार करत दारात उभा राहायचा.

सातवं काम बोरिवोयचं. गावातून गेलेल्या एका घरातला थोरला मुलगा, व्हिएन्नातच वाढलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा, फार सभ्य माणूस. माझ्या वडिलांची वर्षाची पोमाना घाला, म्हणाला. रविवारी वर्ष भरतंय, तेव्हा आदल्या शनिवारी. कोकरू मोठं घ्या. मग त्याने नावांची यादी पाठवली.

यादीत चूक म्हणावी अशी नव्हती. जिथे वाढला तिथल्या रीतीप्रमाणे बोरिवोयने घरातल्या हयात माणसांतलं सर्वांत वडीलधारं नाव आदराने वर लिहिलं: त्राइलो. त्याखाली, नातं न लिहिता, वडिलांचं: पाउन. त्याखाली आजी-आजोबा, आत्या. यासेनारमध्ये असल्या कागदावर जिवंत माणूस लिहितच नाहीत. आणि पहिलं नाव ज्याचं टेबल त्याचंच असतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक. त्राइलो आणि पाउन हे दोघे भाऊ एक्काहत्तर साली गावाबाहेर पडले होते, क्रुना लग्न होऊन आली त्याच्या कितीतरी आधी. ऑगस्टात ते यायचे, पण दोघांतला कोण कोणता हे तिने कधी धरून ठेवलं नव्हतं. तिने बोरिवोयचे वडील म्हणजे त्राइलो, असं धरलं. पर्सिदाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण पर्सिदा त्या सकाळी मटणावर होती आणि मटणावर असताना ती कोणाशी बोलत नसे.

शनिवारी आभाळ उघडलं होतं, ऊन पिवळं. टेबल अंगणात मांडलं. ग्लिगोरियेला नवा शर्ट, काळी पँट, बेचाळीस नंबरचे बूट चढवले. क्रुनाने धुपाटणं घेतलं, टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली:

"हा पाव, हे मटण, हे पाणी, हा उजेड त्राइलोच्या पुढ्यात असो. हे बूट त्राइलोच्या पायात असोत. ही छत्री त्राइलोच्या डोक्यावर असो."

"देव क्षमा करो," बसलेल्यांनी म्हटलं आणि जेवायला घेतलं.

फोनमधून आवाज आला नाही. सिबिनला वाटलं नेट गेलं. त्याने फोन हलवला. फोनमध्ये एक मोठी बैठकीची खोली होती, त्यात अकरा माणसं होती, आणि अकराही जण एका आरामखुर्चीकडे बघत होते. खुर्चीत गुडघ्यांवर घोंगडी घेतलेला, पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता. तो पुढे झुकला.

"बूट किती नंबरचे आहेत?" त्याने विचारलं.

"बेचाळीस," सिबिन म्हणाला.

"मला चव्वेचाळीस लागतात."

"तुम्ही कोण?"

"त्राइलो," म्हातारा म्हणाला.

अंगणात पर्सिदाने हातातली हाडं ताटात ठेवली. ग्लिगोरियेने चमचा तोंडाजवळ धरला होता. थोडा वेळ तो तसाच राहिला, मग वाफ जायला लागलेली बघून त्याने तो तोंडात घातला.

बोरिवोयचा फोन दुपारी आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर क्रुनाला बरं वाटलं असतं.

"क्रुनाताई, माझे वडील एक वर्ष झालं, तिकडे वाट बघतायत. आज त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं टेबल काकांना गेलं. काका जिवंत आहेत. त्यांनी आत्ताच दोन वाट्या सूप घेतलं."

"मी दुसरी घालते, बोरा. माझ्या खर्चाने. उद्याच घालते."

"उद्या वर्ष पूर्ण. तुम्हीच सांगितलंत, आदल्या दिवशीच घालायची असते." मग तो थांबला. "आमच्या व्हिएन्नातल्या गावकऱ्यांचा ग्रुप आहे. नऊशे माणसं. मी तिथे काय झालं ते लिहिणार आहे. पुढल्या शनिवारी टाकेन. तोवर मजकूर तुम्हाला पाठवतो. काही चुकीचं लिहिलं असेल तर सांगा."

मजकूर आला. सहा ओळी, सगळ्या खऱ्या. क्रुनाने एक स्वल्पविराम दुरुस्त करून परत पाठवला, कारण त्याने तसं सांगितलं होतं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तासभर पातेलं घासलं.

नऊशे माणसं म्हणजे तिचा सगळा बाजार. ती सहा ओळी वाचतील आणि ल्युबिशाच्या व्हॅनमधली सीट पक्की.

"आई, काय करायचं?" तिने पर्सिदाला विचारलं.

पर्सिदा चुलीशी पाय पसरून बसली होती. "काही करायचं नाही. नाव घेतलं, पोचलं. त्राइलोचं टेबल तिकडे मांडलंय. तो जाईपर्यंत थंड होईल, तेवढंच."

"आणि पाउन?"

"पाउन उपाशी राहिला." पर्सिदाने गुडघा चोळला. "एक मार्ग आहे. टेबल त्राइलोचं आहे ना? मग त्राइलोने बोलवावं त्याला आपल्या टेबलावर. ज्याचं टेबल तो कोणालाही बोलवू शकतो, त्याला वर्षाची अट नाही. पण उभं राहून नाव घ्यायचं आणि आपल्या हाताने पाव द्यायचा."

"फोनवरून चालेल?"

"आपल्या हाताने म्हटलं ना मी."

"आईला सांग," सिबिन कोपऱ्यातून म्हणाला, "की ते दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते."

"त्याला सांग," पर्सिदा म्हणाली, "की हे मला त्याच्या जन्माआधीपासून माहीत आहे."

हे गणित सिबिनच्या डोक्यात बसलं नाही, पण त्याने ते सोडून दिलं.

सोमवारी क्रुनाने कोबी खारवायला घातला. अंगणात दोन पिंपं, चाळीस गड्डे. ती सुरीने देठ कोरायची, खळग्यात मीठ भरायची आणि गड्डा आत दाबायची. मिठाने बोटं चिरली होती. फोन कठड्यावर टेकवून तिने त्राइलोला लावला.

"त्राइलोकाका, क्रुना बोलत्येय. यासेनारहून."

"हां. तुझ्याशीच बोलायचं होतं. त्या टेबलावर मुळ्याचं काही दिसलं नाही."

"मुळा नव्हता काका."

"मी मुळा खातो. आता तिकडे मुळा नाही का मिळायचा मला?"

"मुळ्याची वेगळी सोय करू. आणि बूटही बदलू."

"बूट राहू देत, पर्सिदाला विचारलं मी. ती म्हणाली तिकडे पाय सुजत नाहीत." म्हातारा खुशीत होता. "तुला सांगतो क्रुना, मला बरं वाटलं. माझी पोरं मला कपबशी धुवून देत नाहीत. माझ्यामागे पोमाना घालतील, तर पिझ्झा मागवतील. आता माझं झालंय. काल बागेत बाकावर माणसांना सांगितलं, माझं सगळं तिकडे तयार आहे. त्यांची तोंडं बघायला हवी होतीस."

क्रुनाने एक गड्डा पिंपात दाबला. "काका, पाउनकाका मात्र उपाशी राहिले."

फोनमधला चेहरा बंद झाल्यासारखा झाला.

"त्याने अक्रोड तोडला," त्राइलो म्हणाला.

"एक वर्ष झालं त्यांना जाऊन."

"अक्रोड माझा होता. आजोबांनी माझ्या जन्माला लावलेला. मी ऑगस्टमध्ये आलो तर बुंधा. म्हणाला, माझ्या हद्दीत होता. अकरा वर्षं मी त्याला दुसऱ्या खोलीत बसवून जेवलो. आता टेबलाशी बोलवू? माझ्या टेबलाशी? मुळा नसला तरी ते माझं आहे." आणि त्याने फोन ठेवला.

मंगळवारी तिने परत लावला. तो मुळ्याबद्दल बोलला. बुधवारी सिबिनची राकिया, घरची दारू, गाळायची पाळी होती. गावच्या भट्टीवर आलुबुखारच्या लगद्याची पिंपं रांगेत लावलेली, तांब्याच्या नळीतून पहिली धार येत होती. क्रुनाने फोन भट्टीवर दाखवला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नळी तिरकी आहे, तो म्हणाला, आणि लाकूड फार सुकं घालताय. पाउनचं नाव काढताच त्याने फोन ठेवला.

"जिद्दी आहे," भट्टीशी शेकत बसलेला ग्लिगोरिये म्हणाला. त्याच्या अंगावर त्राइलोचा शर्ट होता. "दोघेही जिद्दी. एका झाडासाठी. आणि झाड तरी कोणाचं?"

"कोणाचं?" क्रुनाने विचारलं.

ग्लिगोरियेने पेला नळीखाली धरला. थोडी घेतली, तोंडात फिरवली. "माझं," तो म्हणाला.

सिबिनने लाकूड खाली ठेवलं. "तुमचं?"

"माझ्या जागेत होतं ना. बुंधा अजून आहे. मोजा हवं तर."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"मला विचारायला आले होते दोघेही, वेगवेगळे. त्राइलो म्हणाला, ग्लिगोरिये, झाड माझं होतं ना? मी म्हटलं, असं वाटतं खरं. पाउन म्हणाला, माझं होतं ना? त्यालाही म्हटलं, असं वाटतं खरं. दर ऑगस्टला दोघेही मला दोन-दोन किलो कॉफी आणि चॉकलेटं आणायचे. आता सांग, मी झाड माझं म्हणालो असतो, तर मला कोणी कॉफी दिली असती?"

गुरुवारी सकाळी दंव पडलं होतं. सिबिनने वखारीतली मोजणीची दोरी घेतली, ग्रामकचेरीतून उताऱ्याची नक्कल आणली, आणि क्रुना फोन धरून त्याच्यामागे टेकाड चढली. तिकडे त्राइलो घोंगडीत.

"हा दगड दिसतो का काका? तुमच्या हद्दीचा," सिबिन ओरडला. वाऱ्याने आवाज फाटत होता.

"माझा आहे तो. मीच रोवला होता, बासष्ट साली."

"इथून पाउनकाकांच्या दगडापर्यंत दोघांची जमीन. बरोबर?" सिबिनने दोरी ताणली. त्याची पाठ कळवळली आणि तो गुडघ्यांवर बसला. गुडघ्यांवरच पुढे सरकत त्याने दोरी लावली. "ही संपली जमीन. आता बुंधा बघा."

क्रुनाने फोन खाली केला. बुंधा दोरीच्या टोकापासून चार पावलं पलीकडे होता. तिथून ग्लिगोरियेची डुकरं त्यांच्याकडे बघत होती.

फोनमध्ये म्हातारा काचेला नाक लावून बघत होता.

"परत मोज," त्राइलो म्हणाला.

सिबिनने परत मोजलं.

"उतारा दाखव."

उतारा दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा लावला, काढला, पुसला, लावला.

"ग्लिगोरियेला माहीत होतं?"

"हो काका," क्रुना म्हणाली. कॉफीचं तिने सांगितलं नाही. शनिवारी खुर्चीत त्यालाच बसवायचं होतं.

"म्हणजे पाउनने चोरून तोडला तो ग्लिगोरियेचा," त्राइलो सावकाश म्हणाला. "आणि माझे आजोबा दुसऱ्याच्या जागेत झाड लावून गेले." त्याने फोन ठेवला.

क्रुना टेकाडावर उभी राहिली. तिचे हात मिठाने आणि थंडीने लाल झाले होते. सिबिन दोरी गुंडाळत होता.

"आता येतील?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही. पण मला उठव आधी," सिबिन म्हणाला. तो अजून गुडघ्यांवरच होता.

घरी आल्यावर तिने पलंगाखालची बॅग काढली आणि झटकली. दोन स्वेटर, चपला, कमरेला बांधायचा पट्टा. म्हाताऱ्यांना उचलताना तो लागतो, असं देसांका म्हणाली होती. पर्सिदा दारात येऊन उभी राहिली. बॅगेकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"त्याला मीठ कमी लागतं," ती म्हणाली. "तू गेल्यावर मी हे त्याला कसं विचारायचं?"

"थेट विचारायचं आई. सिबिन, मीठ पुरे का. चार शब्द आहेत."

"चार," पर्सिदा म्हणाली, आणि आत गेली. स्वयंपाकघरातून थोड्या वेळाने कसलंसं पुटपुटणं आलं. ती सराव करत होती.

शुक्रवारी तरीही क्रुनाने पीठ मळलं. पाव लागो न लागो, मळायचा. कोकराला पैसे नव्हते, पण मोज्यांवाल्या चौघी तीन कोंबड्या आणि एक ससा घेऊन आल्या. त्यांनाही नऊशे माणसांची काळजी होती. दुपारी चारच्या सुमाराला ल्युबिशाच्या व्हॅनचा हॉर्न वाजला. क्रुनाने पाहिलं नाही. व्हॅन बायकांना घेऊन येते, तिला त्यात काही नव्हतं.

व्हॅन फाटकाशी थांबली. ल्युबिशाने दार सरकवलं आणि आधी एक काठी, मग चव्वेचाळीस नंबरचा एक बूट, मग त्राइलो उतरला. मागोमाग टोपीवाला एक म्हातारा, त्याच्यामागे जाडजूड बाई, तिच्यामागे आणखी एक म्हातारा, हातात मुळ्याची जुडी.

"अकरा तास," त्राइलो म्हणाला. "मध्ये एकदाच थांबला हा गाढव. हे बाकावरचे लोक आहेत. यांनाही बघायचंय."

"काय बघायचंय काका?"

"कसं असतं ते. यांच्या पोरांवर यांचाही भरवसा नाही."

शनिवारी अंगणात परत टेबल मांडलं. सिबिन स्टुलावर चढला. व्हिएन्नात बोरिवोय आणि बाकीची माणसं बसलेली दिसत होती, कोणी हसत नव्हतं. ग्लिगोरियेला पाउनच्या जागी बसवलं. नवे कपडे आणायला पैसे नव्हते, तेव्हा पोस्टमनने साठ नंबरची एक राखाडी पँट परत दिली होती. ग्लिगोरियेने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

त्राइलो काठी टेकत टेबलाच्या डोक्याशी उभा राहिला. धूप फिरवला. त्याच्या एका हातात काठी होती, तेव्हा क्रुनाने पाव धरला आणि त्याने तोडला. मग तो खुर्चीसमोर उभा राहिला आणि त्याने काठी घट्ट पकडली. क्रुनाला वाटलं आता हा काठी आपटून जाईल. पर्सिदाने चुलीवरून मान वर केली.

"पाउन," त्राइलो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "अक्रोड ग्लिगोरियेचा होता. मोजलाय. तू तोडलास, मी भांडलो, आणि आपल्या दोघांचं त्यात काही नव्हतं. हे माझं टेबल आहे. मुळाही आणलाय. ये, बस. हा पाव तुझ्या हातात असो."

त्याने पाव पुढे केला. ग्लिगोरियेने घ्यायला एक हात पुढे केला. पँट दुसऱ्या हाताने सांभाळली.

"देव क्षमा करो," ग्लिगोरिये म्हणाला, आणि ठरलेल्या शब्दांवर थांबला नाही. "आणि कॉफीबद्दलही."

"कसली कॉफी?" त्राइलोने विचारलं.

"जेवा आधी," पर्सिदा म्हणाली.

सगळे जेवले. त्राइलो खुर्चीला खुर्ची लावून ग्लिगोरियेशेजारी बसला आणि मधूनमधून त्याच्या ताटात सशाचा तुकडा टाकत राहिला, पाउनला आवडायचा तसा मागचा पाय निवडून. फोनमध्ये बोरिवोयने चष्मा काढला होता.

"क्रुनाताई," तो थोड्या वेळाने म्हणाला, "तो मजकूर मी पुसलाय. दुसरा लिहितो. तुम्हाला पाठवू का तपासायला?"

"नको," क्रुना म्हणाली. "जसा येईल तसा टाक."

दुपारपर्यंत बाकावरच्या तिघांनी तिला अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं होतं. टोपीवाल्याला डिसेंबरचा पहिला शनिवार हवा होता आणि जाड बाईलाही तोच. तिसऱ्या म्हाताऱ्याला दोन खुर्च्या मांडायच्या होत्या. बायको घटस्फोटित आहे, पण तिकडे एकटं जेवायला नको वाटतं, म्हणाला. "मरणाआधी घातली तर काही स्वस्त पडते का?" टोपीवाल्याने विचारलं. "नाही," क्रुना म्हणाली, "पण चव तुम्हालाच बघता येते." त्याने टोपी काढून परत घातली आणि शनिवार लिहून घ्यायला लावला. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला तिची वही नाताळपर्यंत भरली आणि फोन अजून वाजत होता.

रविवारी सकाळी तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते तेव्हा हॉर्न वाजला. ती तशीच फाटकाशी गेली. ल्युबिशाने मागचं दार उघडून ठेवलं होतं. आत पाच बायका, मांडीवर बॅगा, तोंडं घट्ट. मधली एक सीट रिकामी. म्हाताऱ्यांना पुढच्या रविवारी न्यायचं ठरलं होतं.

"बॅग कुठाय?" ल्युबिशाने विचारलं.

"पलंगाखाली. तिथेच राहील."

"म्हणजे येत नाहीस?"

"नाताळपर्यंत एक शनिवार मोकळा नाही माझा."

ल्युबिशाने डोकं खाजवलं. "आणि ती फ्राऊ लिंडनर? देसांकाने तिला सांगून ठेवलंय. म्हातारी खिडकीत बसून असते. तिला मी काय सांगू?"

स्वयंपाकघरातून पर्सिदाचा आवाज आला, जरा कर्कश, जरा सरावातला. "सिबिन, मीठ पुरे का?" मग चमचा ताटात पडला. मग सिबिनचा आवाज, "पुरे, आई."

क्रुनाने पिठाचे हात एप्रनला पुसले.

"तिला पुढच्या शुक्रवारी इकडे घेऊन ये," ती म्हणाली.

"तिला आपल्यातलं एक अक्षर कळत नाही."

"कळायला कशाला हवं? खायचंच आहे. फक्त नाव नीट लिहून आण, आणि जिवंत आहे ते कंसात."

ल्युबिशाने व्हॅनचं दार ओढलं. मग परत थोडं उघडलं आणि आतल्या बायकांना विचारलं, लिंडनरचं स्पेलिंग कोणाला येतं का.